उघडी रेघ

आईच्या आकृतीत रंग भरायचा म्हणून थोरलीनं माऊसची टिचकी मारली आणि सगळं पान नारिंगी झालं. आई, तिच्या कडेवरचं बाळ, पाठीमागची कोरी जागा, कोपऱ्यात लिहिलेली मापं, सगळं एका दमात एकाच रंगात बुडालं. काळी रेघ तेवढी वर तरंगत राहिली. तिला वाटलं, बोट भलतीकडे पडलं असेल. तिनं केलेलं मागं घेतलं, पान पुन्हा पांढरं केलं, बाण आईच्या छातीच्या बरोबर मधोमध नेला आणि पुन्हा टिचकी मारली. पुन्हा पूर. कुठूनतरी गळत होतं. या धंद्यात अशी गळती रोजचीच. रेघेची दोन टोकं कुठंतरी जुळलेली नसतात, केसाएवढी फट राहते, आणि रंगाला तेवढी पुरते. फट शोधायची, बुजवायची, पुढं जायचं. दिवसाला अशा दहा फटी ती बुजवायची, तेही फोन खांद्याला लावून बोलता बोलता. आज मात्र तिचा हात माऊसवरून आपोआप उचलला गेला. ही फट शोधावी लागणार नव्हती. ती अख्ख्या शहराला पाठ होती. थोरलीचं नाव झालं होतं ते तिच्यावरच.

माता-बालकांच्या हॉस्पिटलचं हे चिन्ह. एका रेघेत काढलेली आई. तिच्या खांद्यापासून निघालेली रेघ बाळाच्या पाठीमागून वळसा घेऊन पुन्हा तिच्या कुशीकडे येते आणि पोचायच्या आत थांबते. तिच्या तळहाताएवढी जागा मोकळी. तेवीस वर्षं ते चिन्ह दारावर होतं, केसपेपरवर होतं, चादरींच्या कोपऱ्यांत, औषधांच्या पिशव्यांवर, नर्सच्या खिशांवर होतं. आणि कायम नुसत्या काळ्या रेघेत, त्यामुळे आत रंग भरायची वेळ कधी आलीच नव्हती. आता हॉस्पिटलची नवी इमारत उभी राहिली होती आणि तिच्या तीन मजली भिंतीवर हे चित्र रंगवायचं होतं. रंगवणाऱ्यांना हवी होती ठिपक्यांची फाइल, प्रत्येक रंग वेगळ्या थरावर असलेली. थोरलीकडे होती ती रेघांची, जुन्या प्रोग्रॅममधली, जो आता तिच्याखेरीज शहरात फारतर दोघांकडे चालत असेल. अलीकडे तिचं पोटच या कामावर चाललं होतं. बंद पडलेल्या प्रेसमधल्या, निवृत्त झालेल्या आर्टिस्टांच्या फाइली लोक घेऊन यायचे आणि टायरच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत बसून ती त्यांना नव्या रूपात आणून द्यायची. गिऱ्हाइकाला ती हौसेनं समजावून सांगायची: रेघांच्या चित्राला स्वतःचं असं माप नसतं. तिकिटाएवढं छापा नाहीतर डोंगराएवढं, रेघ फुटत नाही, कारण आत नुसत्या खुणा लिहून ठेवलेल्या असतात, इथून निघ, तिकडं वळ, तिथं थांब. ठिपक्यांच्या चित्राला मात्र जन्मतानाच विचारावं लागतं, बाबा रे, तू केवढा? मग ते जन्मभर तेवढंच. आणि पानाबाहेर जे काही पडलेलं असेल ते कापलं जातं. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि विचारायचं, मग उद्यापर्यंत होईल ना?

त्या मोकळ्या जागेबद्दल पहिल्यांदा तिला एका वर्तमानपत्रातल्या मुलीनं विचारलं होतं. ही रेघ पूर्ण का नाही केलीत? आणि थोरलीच्या तोंडून, कसं कोण जाणे, निघून गेलं, "आईची मिठी कधी बंद नसते. बाळाला जायला वाट ठेवलेली असते." मुलीचे डोळे भरून आले. ते वाक्य छापून आलं. मग शाळांच्या, चित्रकलेच्या वर्गांच्या कार्यक्रमांतून थोरलीनं ते म्हटलं, दर वेळी थोडं सावकाश, मधे थोडं थांबून. आणि वर्षं गेली तशी तिला ती सकाळसुद्धा आठवू लागली, जिच्यात ती खिडकीशी विचार करत बसली आहे, पेन्सिल ओठांशी धरली आहे, आणि ठरवते आहे की नको, इथंच थांबायचं. खिडकी, पेन्सिल, कागदावर पडलेला उन्हाचा तुकडा. सगळं हात लावून बघावं इतकं स्पष्ट. तेव्हाच्या त्या जागेला खिडकीच नव्हती, हे आज, पान नारिंगी झाल्यावर, तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

तिनं मूळ फाइल उघडली आणि मोकळं टोक मोठं करत गेली. चारशे पट, आठशे पट, सोळाशे पट. रेघ काढणाऱ्यानं जिथं जिथं हात टेकवलेला असतो तिथं एक बारीक चौकोन दिसतो आणि त्यातून वळणाची दिशा दाखवणाऱ्या दोन मिशा फुटलेल्या असतात. बाकी सगळे चौकोन नेटके होते, मिशा आखूड आणि सारख्या. धाकटीचा, तिच्या बहिणीचा, हातच तसा होता. शेवटच्या चौकोनाची मिशी मात्र लांबच लांब, तिरपी, पानाची कड ओलांडून बाहेर गेलेली; बटण दाबलेलंच असताना कुणीतरी हात ओढून घ्यावा तशी. थोरली त्या तिरप्या मिशीमागं सरकत सरकत पानाबाहेर गेली. तिथं, पडद्यावरच्या करड्या मोकळ्या जागेत, तीन बाळं पडलेली होती. एक फार मोठं झालेलं, एक फारच लहान, आणि एकाची मान नीट बसली नव्हती. करून बघितलेली आणि बाजूला ठेवलेली. तिनं फाइलीची माहिती काढून बघितली. शेवटचा बदल, सकाळी अकरा वाजून बावन्न मिनिटं.  

थोरली आणि धाकटी, वडलांनी त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं कधी हाक मारलीच नाही. दोघींत सहा वर्षांचं अंतर. काम थोरलीनं शिकवलं आणि वर्षाच्या आत धाकटी तिच्या पुढं गेली. हे दोघींना कळलं होतं, पण त्यावर कधी बोलणं झालं नाही. तोंड थोरलीचं आणि हात धाकटीचा, असं आपलं जमून गेलं. गिऱ्हाइकांपुढं थोरली बोलायची, आतल्या खोलीत धाकटी काढायची. हॉस्पिटलचं काम मिळवायला थोरलीनं तीन महिने चपला झिजवल्या होत्या. ते मिळालं तेव्हा धाकटीला पाचवा लागला होता. "माझ्याकडेच मॉडेल आहे," ती पोटावर हात ठेवून म्हणायची, आणि दोघी हसायच्या. नवरा तिचा फिरतीवर, पंधरा पंधरा दिवस बाहेर. त्या दिवशी बाराच्या आत चित्र प्रेसला जायचं होतं, कारण उद्घाटन जवळ आलं होतं आणि पाट्या रंगायच्या होत्या. सव्वाअकराच्या सुमाराला आतून धाकटी म्हणाली, "ताई, मला काहीतरी होतंय." आवाज अगदी साधा. जणू पंखा बंद पडलाय असं सांगावं. थोरली आत गेली तर ती उभी होती, एक हात टेबलावर, चेहरा पांढराफटक. थोरलीनं तिला जिन्यावरून धरून खाली आणलं, चल चल म्हणत, टॅक्सी थांबवली, ड्रायव्हरला दुसऱ्याच एका हॉस्पिटलचं नाव सांगितलं, नीट जा म्हणून बजावलं. धाकटीनं सरकून शेजारी जागा केली होती. थोरलीनं ती बघितली. आणि दार बाहेरून लावत म्हणाली, "तू हो पुढं. मी आलेच."

आलेच. किती सोपा शब्द. बाई अजून निघालेलीही नसते आणि बोलण्यात येऊन पोचलेली असते. थोरली वर गेली. पडद्यावर रेघ तशीच होती, बाळाच्या पाठीमागून वळून आलेली, थांबलेली. दोन बोटांचं काम राहिलं होतं. तिनं ते करून बघितलं. तिचा तुकडा धाकटीच्या रेघेला नीट चिकटला, पण शेजारी शेजारी बघितलं की एखाद्याच्या सहीखाली दुसऱ्यानं सही करावी तसा दिसे. पुसून पुन्हा काढला. पुन्हा पुसला. मग तिनं आहे तसंच साठवलं. फ्लॉपीवर घेतलं, फ्लॉपी वाचेना, दुसरी शोधली. प्रेसच्या माणसाला बाराचं सांगितलेलं, तो आला साडेबाराला, वरून पाणीही मागितलं. तिनं पाणी दिलं. पोचली तेव्हा पावणेदोन वाजले होते आणि सगळं होऊन गेलं होतं. धाकटी भिंतीकडं तोंड करून पडली होती. थोरलीनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "टॅक्सीच मिळेना गं." धाकटी "हं" म्हणाली. एवढंच. महिन्याभरानं धाकटी कामावर आली, कॉम्प्युटर लावला, पाच मिनिटं बसली आणि माझे डोळे दुखतात म्हणून उठली ती उठलीच. वर्षभरानं चष्म्याच्या दुकानात लागली. डोळे दुखतात म्हणून काम सोडलं आणि डोळ्यांच्याच दुकानात जाऊन बसली, अशी थट्टा घरात चालायची. धाकटीही तीत हसायची. पुढं तिला मुलगा झाला, तो आता सतरा वर्षांचा, मावशीशी गप्पा मारणारा. तुटलं असं काहीच नव्हतं. वाढदिवसांना येणंजाणं होतं, आई होती तोवर तिचं दुखणंखुपणं दोघींनी वाटून घेतलं होतं. फक्त त्या चिन्हाचा विषय निघाला की धाकटी उठून काहीतरी आणायला आत जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतवाल्याचा फोन आला. हॉस्पिटलच्या रंगकामाचं बघणारा हा गृहस्थ. थोरलीनं त्याला मनातल्या मनात भिंतवाला म्हणायला सुरुवात केली होती, कारण त्याच्या प्रत्येक वाक्यात भिंत असायची.

"मॅडम, भिंत तयार आहे. अस्तर मारून झालंय. चित्र कधी मिळतंय?"

"थोडी अडचण आहे. हात उघडा आहे ना, त्यामुळे आत रंग राहत नाही."

"मग बंद करून टाका की! दोन मिनिटांचं काम."

"लोकांना तो उघडाच माहीत आहे."

"अहो, चाळीस फुटांवरून कोण बघायला जातंय? आणि तुमचंच तर चित्र आहे. तुम्ही बंद केलं तर कोण विचारणार? बरं, उद्घाटनाला तुम्हाला पाच मिनिटं बोलायचंय. ते वाटेचं वाक्य आहे ना तुमचं, ते आम्ही खाली फलकावरसुद्धा घेतोय."

दोन मिनिटांचं काम घेऊन थोरली तीन दिवस बसली. हात खालून आणून जोडला तर आई बाळाला गच्च आवळते आहे असं वाटे. वरून आणला तर ती त्याला कुणाच्या तरी हातात देते आहे. सरळ जोडला तर नुसतं गाठोडं. सात वेळा जोडून तिनं सात बायका केल्या, आणि सातही अनोळखी. जेवताना, भाजी निवडताना, जिना चढताना तिचं बोट आपलं हवेत वळण घेत राहायचं. रस्त्यात एकदा तिनं मूल कडेवर घेतलेल्या एका बाईकडे इतका वेळ टक लावून बघितलं की त्या बाईनं मूल दुसऱ्या कडेला घेतलं. वाईट होती ती झोपेची वेळ नव्हे, दुपारची. दुपारी खालच्या दुकानात टायरमध्ये हवा भरायचं यंत्र सुरू व्हायचं, त्याचा दम लागल्यासारखा आवाज जमिनीतून वर यायचा, आणि तिला वाटायचं की आपण गेली तेवीस वर्षं एका बाईचं अर्धवट राहिलेलं काम दाखवून टाळ्या घेतल्या. मग लगेच दुसरं मन म्हणायचं, पण ती अर्धवट होती म्हणूनच तर चांगली झाली ना? आणि या दुसऱ्या मनाची तिला इतकी किळस यायची की ती उठून उगाच हात धुऊन यायची. चौथ्या दिवशी तिनं ठरवलं, रेघ कुठं न्यायची होती ते जिची रेघ तिलाच विचारायचं. हे ठरल्यावर तिला बरं वाटलं. प्रामाणिकपणाचं काहीतरी करतोय असं वाटलं. मूळ रेघेची एक मोठी प्रत छापून, गुंडाळी करून ती चष्म्याच्या दुकानात गेली.

धाकटी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकावर चष्मा बसवत होती. "वर बघा. आता खाली. पायरी दिसते? किती पायऱ्या दिसतात?" गृहस्थ म्हणाले, दोन. "एकच आहे," धाकटी म्हणाली, "जरा खाली घेऊ." तिनं दांड्या गरम करून वाकवल्या, पुन्हा बसवल्या, स्वतः वाकून त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत डोळे आणून बघितलं. थोरली बाकावर बसून तिचे हात बघत होती. एकही हालचाल फुकट नाही. गृहस्थ एकच पायरी उतरून निघून गेले, तेव्हा धाकटी हात पुसत म्हणाली, "काय गं ताई, मधेच? नंबर वाढला का?"

थोरलीनं गुंडाळी काउंटरवर पसरली, दोन टोकांना दोन चष्म्यांच्या डब्या ठेवल्या. धाकटीनं बघितलं. जरा वेळ बघितलं.

"ही ती नव्हे," ती म्हणाली. "म्हणजे तीच. पण तू नंतर पुरी केलीस ना? तो हात तसा ठेवायचा तुला सुचलं, असं तूच सांगतेस."

"मी काही केलं नाही. दारावर आहे ती हीच. तू उठलीस तिथं थांबलेली."

"मग ते वाट ठेवलेली असते वगैरे?"

"ते नंतर सुचलं."

धाकटी हसली. बारीकसं, नाकातून. "छान सुचलं," ती म्हणाली. "आमच्याकडच्या बायका सांगतात मला. तुमच्या बहिणीनं काय विचार केलाय म्हणतात."

आता थांबावं, असं थोरलीला वाटलं. रेघेचं विचारावं आणि निघावं. पण धाकटी कापडानं एक काच पुसत होती, जी आधीच स्वच्छ होती, आणि पुसता पुसता दाराबाहेरच्या रस्त्याकडे बघत होती, जिथून एकामागून एक गाड्या जात होत्या.

"त्या दिवशी टॅक्सी मिळत होत्या," थोरली म्हणाली.

कापड थांबलं नाही. "किती वाजता निघालीस?"

"साडेबारा होऊन गेले होते. प्रेसचा माणूस उशिरा आला."

"आणि मी गेले सव्वाअकराला."

"हो."

"तिथं एक बाई होती, फॉर्म भरणारी," धाकटी म्हणाली. आवाज पुन्हा तसाच, साधा. "सारखी यायची. सोबत कोण आहे? मी सांगायचे, बहीण येतेय. पुन्हा यायची. आली का बहीण? मी म्हणायचे, येतेय, गर्दी असेल. पाच वेळा तरी म्हटलं असेल. शेवटी तिनं विचारायचं सोडून दिलं. माझ्यासमोरच लिहिलं, सोबत कोणी नाही. मला तिचा राग आला, ताई. तुझा नाही. मला वाटलं, हिला काय घाई झालीय, येतेय ना ती."

थोरलीला काहीतरी बोलायचं होतं. तिच्या तोंडात शब्द गोळा झाले होते, माफ कर, मी मूर्ख होते, मला वाटलं नव्हतं इतकं असेल. ते सगळे एकदम पुढं आले आणि दारातच अडकले. आणि त्या गर्दीतून, तिला स्वतःलाही न विचारता, भलतंच वाक्य बाहेर पडलं.

"तू ती रेघ कुठं नेणार होतीस?"

धाकटीनं काच खाली ठेवली. मग तिनं पहिल्यांदा थोरलीकडे नीट बघितलं, मघाशी त्या गृहस्थांकडे बघितलं होतं तसं, डोळ्यांच्या रेषेत.

"हे विचारायला आली होतीस तू."

"नाही गं, मी..."

"मला आठवत नाही," धाकटी म्हणाली. "कुठं नेणार होते, किती वळवणार होते, मला खरंच काही आठवत नाही. आठवलं असतं तर तुला आत्ता सांगितलंही असतं, बघ. तशीच आहे मी." तिनं डब्या उचलल्या, कागद आपोआप गुंडाळला गेला. दारात एक बाई लहान मुलीला घेऊन आली होती, मुलीच्या चष्म्याची दांडी तुटली होती. "या," धाकटी त्यांना म्हणाली, आणि मग थोरलीला, हळू, "तू जा आता. फोन करू नकोस. मी करीन."

थोरली परत आली आणि त्याच दिवशी तिनं फाइल करून टाकली. जुन्या प्रोग्रॅमनं माप विचारलं, तिनं भिंतीचं माप घातलं. थर वेगळे ठेवायचे का विचारलं, ठेव म्हटलं. हात उघडाच ठेवला. पानाबाहेरची तीन बाळं कापली जाणार होती, म्हणून तिनं पान रुंद केलं आणि त्यांना एका वेगळ्या थरावर आत घेतलं. मग तो थर झाकला. मग काढूनच टाकला. भिंतवाल्याला त्यांचं काय. पण मूळ फाइलीत ती होती तिथंच राहू दिली. सोबत तिनं पत्र लिहिलं: चित्र माझं नाही, माझ्या धाकट्या बहिणीचं आहे. ते अपुरं राहिलं, कारण काढताना तिला बरं वाटेनासं झालं. हात मुद्दाम उघडा ठेवलेला नाही. वाक्य फलकावर घेऊ नये. मी बोलायला येणार नाही. चार वेळा वाचून तिनं ते पाठवलं. पत्रात एक गोष्ट नव्हती आणि ती कशी लिहायची हे तिला सुचलं नाही.

भिंतवाल्याचा तासाभरात फोन आला. तो गोंधळला होता, पण वाईट माणूस नव्हता. "मॅडम, तुमच्या घरातलं तुम्ही बघा. पण हात उघडा ठेवला तर रंग कुठं थांबवायचा? माणसं झुल्यावर लटकून रंगवणार आहेत."

"नका भरू रंग. नुसती रेघ काढा."

"हॉस्पिटलच्या समितीला रंग हवाय," तो म्हणाला. "बघतो."

त्यानं बघितलं ते असं, की रंगाऱ्यानंच हात जोडून टाकला. उद्घाटन झाल्यावर आठवड्यानं थोरली एका दुपारी तिथं गेली. समोरच्या फुटपाथवर उभी राहिली. तीन मजली आई, नारिंगी, आणि तिच्या हाताचं टोक एका जाड गोल फटकाऱ्यानं कुशीला जोडलेलं. रंगाऱ्याला ते जमलं होतं. त्यानं विचारच केला नव्हता, म्हणून असेल. खाली फलक होता आणि फलकावर तिचं वाक्य होतंच, बाळाला जायला वाट ठेवलेली असते. नाव मात्र ना तिचं होतं ना धाकटीचं, समितीच्या अकरा सभासदांची नावं होती. दारावरचा पहारेकरी तिच्याजवळ येऊन म्हणाला, "झकास झालंय ना?" ती म्हणाली, हो. तो म्हणाला, रात्रीचे दिवेपण लावणार आहेत. माणसं आत जात होती, बाहेर येत होती, एकानंही मान वर करून काही हरवलंय का ते बघितलं नाही. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. आलं नाही. तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, त्या जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

फोन आला तो त्यानंतरच्या रविवारी, दुपारी तीनच्या सुमाराला. टायरचं दुकान बंद, खाली सामसूम. थोरली रविवार असूनही कामाच्या जागी येऊन बसली होती. घरी फोनकडे बघत बसण्यापेक्षा इथं बसणं बरं वाटायचं. फोनच्या पडद्यावर धाकटीचं नाव दिसलं तेव्हा तिनं तो लगेच उचलला नाही. दोन वेळा वाजू दिला, श्वास घेतला, मग उचलला.

"ताई."

"बोल गं."

"एक विचारायचं होतं. बरेच दिवस. म्हणजे बरीच वर्षं." धाकटी थांबली. "मी उठले ना, तेव्हा मागं वळून बघितलं होतं. खुर्चीवर डाग होता. मोठा होता. जिन्यात तुला सांगणार होते, पण तू चल चल म्हणत होतीस. मग मी महिन्यानं आले तर खुर्ची स्वच्छ. ती कुणी पुसली?"

"मी."

"हॉस्पिटलमधून परत आल्यावर?"

तिला कळलं की धाकटीनं दार उघडून धरलं आहे. हो म्हटलं की झालं. त्या दिवशी संध्याकाळी ती तेव्हाच्या जागी परत आलीच होती, कुलूप लावायला. तेव्हा पुसली म्हटलं असतं तर कुणाला खोटं वाटलं नसतं. धाकटीला तेच ऐकायचं असावं, नाहीतर तिनं प्रश्नातच उत्तर दिलं नसतं. तेवीस वर्षांत थोरलीनं ही गोष्ट स्वतःलाही सांगितली नव्हती. आठवण त्या जागी आली की ती जिन्यावरून थेट पडद्यापुढं जाऊन बसायची, मधली काही मिनिटं ओलांडून, ओल्या फरशीवरून पाय उचलून टाकावा तशी.

"नाही," ती म्हणाली. "आधी. तुला टॅक्सीत बसवून वर आले, तर दिसला. फडकं ओलं केलं, पुसला. दोनदा पुसावा लागला. फडकं धुऊन वाळत घातलं. मग त्याच खुर्चीवर बसून काम संपवलं. ओली होती अजून."



"म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं," धाकटी म्हणाली. "साधं दुखणं नाही, हे."

"माहीत होतं."

"बरं," धाकटी म्हणाली.

थोरली वाट बघत राहिली, आता ठेवेल म्हणून. ठेवल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं पलीकडे पावलं ऐकू आली, मग नळ सुटला आणि भांडी विसळल्याचा आवाज येऊ लागला, एकेक, सावकाश, ताटल्या आधी, मग पेले. फोन तिथंच कुठंतरी ओट्यावर ठेवलेला असावा, चालू. कान तापला तेव्हा थोरलीनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि ऐकत राहिली.